तुमच्या अंबाड्यातली अबोली

प्रिय आई,

तुम्ही गेलात त्या दिवशी, बायकांनी तुम्हाला अंघोळ घातल्यावर, मी तुमच्या अंबाड्यात अबोलीची वेणी माळली. त्याची माफी मागायला हे पत्र लिहीत नाहीये. आधीच सांगून ठेवते, नाहीतर तिकडे वाट बघत बसाल.

तुम्हाला वाचता येत नव्हतं, माहीत आहे मला. पण समोर असतात तर दोन वाक्यांच्या पुढे बोलू दिलं असतंत का? "पुरं झाला" म्हणून उठला असतात, आणि मी भिंतीशी बोलत बसले असते. आता बसा ऐकत. सईला सांगणार आहे, आजीच्या फोटोसमोर मोठ्याने वाच म्हणून. नात वाचतेय म्हटल्यावर तुम्ही उठणार नाही.

चार महिने झाले तुम्हाला जाऊन. मी गप्पच होते. पण काल वरच्या आळीतल्या भारतीवहिनी आल्या होत्या, आणि जाताना तुमच्याबद्दल अशी एक गोष्ट सांगून गेल्या की माझ्या ओटीतला मोगरा तसाच राहिला, सुई कुठे टोचली तेही कळलं नाही. तीन वर्षं मी तुमच्यावर राग धरून बसले होते. आणि तुम्ही मला बसू दिलंत! एका शब्दाने सांगायला काय झालं होतं हो?

पण ती गोष्ट नंतर. आधी माझं भांडण पूर्ण होऊ दे.

तुमचा मुलगा गेला तेव्हा सई आठवीत होती. न्हावा शेव्याला ट्रेलर चालवून आला, हातपाय धुतले, छातीत कळ येतेय म्हणाला, आणि शेजाऱ्यांची गाडी दारात येईपर्यंत सगळं संपलं होतं. आपली जमीन तर मामंजींच्या वेळीच हे शहर वसवायला सरकारने घेतलेली. राहिलं काय, तर वरच्या खोलीचं भाडं, आणि तुम्हाला लग्नांत गाण्याबद्दल मिळणाऱ्या साड्या. साड्या काय शिजवून खायच्या? माझं शिक्षण बारावी. मॉलमध्ये एका दुकानात विचारून आले, तर दिवसभर उभं राहायचं आणि हसत राहायचं काम होतं. मला तेव्हा हसता येत नव्हतं.

मग ती बाई आली. आठवते? सीवूड्सच्या टॉवरमधली, सकाळी गावातून चालायला जायची. आपल्या कुंपणाशी थांबून म्हणाली, "आजी, ही अबोली विकता का? बाजारात मिळतच नाही हो." आणि तुम्ही म्हणालात, "इकत नाय. पायजे तं घिऊन जा." ओंजळभर खुडून दिलीत. वर दोन जास्वंदीही.

मी दारात उभी राहून बघत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच बाईंच्या बिल्डिंगखाली मी देवाच्या फुलांच्या बारा पुड्या घेऊन उभी! अबोली, जास्वंद, तुळस, दूर्वा, सगळं आपल्याच कुंपणातलं. वॉचमनने हटकलं, त्याला एक पुडी दिली. त्याच्याही केबिनमध्ये गणपती होताच की.

घरी आले तर तुम्ही उंबऱ्यातच. "फुला इकाची नसतान बाय. फुला देवाची."

"देव सईची फी भरतो का?" मी म्हणाले.

तुम्ही दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीत. मीही नाही बोलले. चांगलं झालं, त्या दोन दिवसांत बारा पुड्यांच्या वीस झाल्या.

भांडवल म्हणाल तर काय होतं माझ्याकडे? समोर बिल्डिंगला रंग लागत होता, तिथल्या पोरांकडून रंगाचे रिकामे डबे मागून आणले, रॉकेलने घासले, त्यात फुलं उभी राहायला लागली. दोरा विकत कशाला, मागे केळ होती, तिच्या सोपटाचे धागे काढले. ह्यांच्या तीन जुन्या लुंग्या ओल्या करून फुलांवर घालायला. पहिली लुंगी मी नुसतीच उलटसुलट करत बसले, तेव्हा तुम्ही ती माझ्या हातातून ओढून घेतलीत आणि टर्रकन फाडून माझ्यासमोर टाकलीत.  त्या वेळी मला वाटलं, काय दगडाची बाई आहे.

आणि मग तो थर्माकोलचा डबा!

आई, आजही आठवलं की मला हसू आवरत नाही आणि लाजही वाटते. खारघरच्या एका मुलीच्या डोहाळजेवणाची ऑर्डर. फुलांची पहिली वाडी माझी! मुकुट, बाजूबंद, कंबरपट्टा, वेणी, सगळं मोगरा आणि अबोलीचं. एवढं गार कशात न्यायचं? फ्रीज आपला लहान. मी म्हटलं, आईंचा डबा आहे की, ज्यात त्या बंदरावरून मासळी आणतात. साबणाने दोनदा धुतला. मला काही वास आला नाही. येणार कसा, वीस वर्षं या घरात राहून नाकच तयार झालेलं!

तिथे जाऊन झाकण उघडलं. खोलीभर बायका, काठापदराच्या साड्या, पाटाभोवती रांगोळी, आणि घमघमाट कसला, तर बोंबलाचा. मोगऱ्याने निदान थोडी लढत दिली. अबोलीला बिचारीला स्वतःचा वास नाही, तिने सगळा बोंबील पिऊन घेतला होता. मुलीच्या सासूने पदर नाकाला लावला. मला वाटलं धरणी पोटात घेईल तर बरं. आणि ती सात महिन्यांची गरोदर पोर तो मुकुट हातात घेऊन दीर्घ श्वास घेते आणि म्हणते, "मला आत्ताच्या आत्ता सुके बोंबील खायचेत." अख्खी खोली हसली. तिने तशीच वाडी भरून घेतली, फोटो काढले, आणि पुढे तिच्याच ओळखीवर मला खारघरमध्ये सहा ऑर्डरी मिळाल्या.

घरी येऊन मी तुम्हाला सांगितलं तर तुम्ही हसलाही नाहीत. "मासलीचे डब्यान फुला भरतं कोन?" एवढंच. पण दुसऱ्या दिवसापासून तो डबा मोरीत. चिंच लावून, राख लावून, लिंबं चोळून, उन्हात. तीन दिवस! सहाव्या महिन्यात तोच डबा तुमच्याजवळून मी कायमचा फुलांसाठी घेतला आणि तुम्ही मासळीला गोणपाटाची पिशवी न्यायला लागलात. मी आभारही मानले नाहीत. मला वाटलं, वास सहन होत नसेल म्हणून घासला असेल.

"धंद्याचे फुलाला मी हात लावनार नाय" ही तुमची प्रतिज्ञा. आणि रोज दुपारी गच्चीवर पाय पसरून अबोली निवडत कोण बसायचं? विचारलं की म्हणायचात, "मी किडं बघतंय." किडे! माझ्या अबोलीला सहा वर्षांत किडा लागला नाही, एवढे तुम्ही बघितलेत.

आता माझ्या रागाचं सांगते. तुम्हाला माहीत आहे, पण सईला नीट माहीत नाही, तेव्हा तीही ऐकेल.

तुम्ही या गावच्या धवलारीण. आपल्यात हळदीपासून लग्न लागेपर्यंत धवलारणीच्या गाण्याशिवाय, धवल्याशिवाय, पान हलत नाही. ती गाऊन देव बसवणार, ती गाऊन हळद चढवणार, तेव्हा नवरी पाटावर. चाळीस वर्षांत आळीतलं एक लग्न तुम्ही चुकवलं नाहीत. त्यातली तीस वर्षं तर तुमचं कपाळ मोकळं होतं. मामंजी गेले त्याला तेवढी झाली. लग्न तुमच्या गळ्याने लागायचं, ते चालायचं. पण तुमच्या डोक्यात फूल? शिव शिव! मला लग्न होऊन आल्यापासून हे कोडं सुटलं नाही. पेणला माहेरी आम्ही धवले ऐकले होते, पण असा उफराटा हिशेब मी इथेच पाहिला.

तीन वर्षांपूर्वी भारतीवहिनींच्या मोठ्या मुलीची हळद होती. ऑर्डर माझ्याकडे. साठ वेण्या आणि मुंडावळ्या. गावातली पहिली मोठी ऑर्डर आई! बाहेरच्या टॉवरवाल्यांना कोण कुणाची कोण, त्यांना माझ्या कपाळाशी काय देणंघेणं? पण आपल्या गावाने मला बोलावलं होतं. मी कळ्या अशा बेताने ओवल्या की संध्याकाळी बरोब्बर हळदीच्या वेळी उमलाव्यात. सई डबा देऊन आली.

तासाभराने डबा परत. भारतीवहिनींच्या घरातली एक बाई घेऊन आली. वर पाकीट, सगळे पैसे. "वहिनी म्हणाल्या, पैसे घ्या. पण फुलं राहू दे. नवऱ्याकडच्या बायकांनी विचारलं कुणी ओवलीत म्हणून…" तिने पुढचं बोलायची गरज नव्हती.

आणि तुमचा आवाज येत होता! मांडवातून, लाउडस्पीकरवर, सबंध आळीत. मी डबा मांडीवर घेऊन बसले होते आणि तुम्ही भारतीवहिनींच्या पोरीला हळद चढवत होतात. मला वाटलं आता थांबतील. आता उठतील. तुम्ही तिथेच तर बसला होतात, तुमच्यासमोरून तो डबा बाहेर गेला असणार! तुम्ही थांबला नाहीत. पूर्ण धवला गायलात. मग दुसरा. मग तिसरा.

घरी आलात, डबा बघितलात, म्हणालात, "र्‍हाव दे." आणि चहा मागितलात.

मी चहा दिला. तो चहा माझ्या आयुष्यातला सगळ्यात कडू चहा असेल, आणि प्यायला तुम्ही. त्या दिवसापासून मी तुम्हाला लागेल ते केलं, औषधं दिली, डोळ्यांचं ऑपरेशन करून आणलं, पण मनातून नाही केलं. मनात एकच. ज्या बाईला स्वतःला हे सगळं सोसावं लागलं, ती माझ्यासाठी एक शब्द बोलली नाही. परक्या बोलतील, तुम्ही कशा गप्प बसलात?

आणि खरं सांगू? मीही काही मोठी शूर नव्हते. त्यानंतर आठवड्याभरात मी दारावरची पाटी बदलली. "कल्पनाची फुलं" होतं, ते खोडून "सई फ्लॉवर्स" केलं. व्हॉट्सअॅपवर पण तेच. म्हटलं, पोरीचं नाव लावलं की कुणी विचारणार नाही ओवलं कुणी. सगळे म्हणाले, हुशारी केलीस. फक्त तुम्ही पाटीखाली उभ्या राहून सईला विचारलंत, "ह्या काय लिवलाय?" तिने वाचून दाखवलं. "मंग तुजे आयशीचा नाव कुठं हाय?"

मी आतून ऐकलं आणि ऐकलं नाही असं दाखवलं.

गेल्या वर्षी भारतीवहिनींच्या धाकट्या मुलीचं लग्न निघालं. मी दादरहून फुलं घेऊन आले, तर तुम्ही खाटेवर. म्हणालात, "गला बसलाय. हलदीला जावाला जमाचा नाय." मी हात लावून बघितलं, ताप नव्हता. तरी सुंठीचा काढा केला, मध घालून. दिवसातून तीनदा. आठ दिवस! तुम्ही नाक दाबून मुकाट्याने प्यायलात. एकदा म्हणालात, "थोरी साकर टाक," आणि मी म्हणाले, "साखरेने घसा बसतो." गळ्याला मफलर बांधून बसवलं मी तुम्हाला, मे महिन्यात!

भारतीवहिनींच्या मांडवात मोबाइलवरून स्पीकरला धवले लावले होते. गावभर झालं, हौसाआजीचा गळा गेला. मला वाईट वाटलं. थोडं बरंही वाटलं, खोटं कशाला बोलू?

मग चार महिन्यांपूर्वीची ती सकाळ. तुम्ही उठलाच नाहीत. बायका जमल्या, अंघोळ घातली, नवं लुगडं नेसवलं. मी विंचरून अंबाडा बांधला. तुमचे केस किती मऊ होते हो, कधी हात लावू दिला नव्हतात. आणि मला एकदम एक दुपार आठवली.

गच्चीवर मी वेण्या करून ठेवल्या होत्या आणि पाणी आणायला खाली गेले होते. वर आले तर तुम्ही पाठमोऱ्या. हातात एक वेणी. ती तुम्ही डोक्यामागे, अंबाड्याशी धरली होती. नुसती धरली होती. मग चाहूल लागली, चटकन खाली घेतलीत आणि म्हणालात, "माप बघतं. आखूड केलंस तू."

आखूड नव्हती ती. तुम्हाला माहीत होतं आणि मलाही. तेव्हाच दोन पावलं पुढे होऊन मी ती माळायला हवी होती. आकडे माझ्या केसात होतेच. पण मी तुमच्यावर रागावलेली ना! मी म्हणाले, "बरं, पुढची लांब करते."

म्हणून त्या सकाळी मी उठले, कुंपणाशी गेले, अबोली खुडली आणि तिथेच, सगळ्या बायकांसमोर बसून गुंफायला लागले. पाच मिनिटं कुणाला कळेना मी काय करतेय. वेणी तुमच्या अंबाड्याला लावली तेव्हा आत्याबाईंनी, तुमच्या नणंदेने, माझं मनगट धरलं. "अगो, पिसाललीस काय? बिनकुकवाची बाय ती! तिचे डोक्यान फूल?"

"हात सोडा आत्या," मी म्हणाले. "तीस वर्षं हिने तुमच्या पोरीसुनांच्या डोक्यात फुलं बघितली. आता तुम्ही सगळ्या जरा हिच्या डोक्यात बघा."

एवढ्या मोठ्याने मी या गावात कधी बोलले नव्हते. आत्याबाईंनी हात सोडला. कुजबूज झाली, दोघी-तिघी उठून ओट्यावर गेल्या. भारतीवहिनी तुमच्या पायाशी बसल्या होत्या. मला वाटलं, ही आता सगळ्यात आधी बोलेल. पण छे! तुमच्या पायांवर डोकं ठेवून रडत राहिल्या. मला नवल वाटलं, ही बाई का एवढी रडतेय?

ते काल कळलं.

काल दुपारी त्या आल्या, हातात नारळ. मुलाचं लग्न काढलंय. पुढच्या रविवारी हळद, सोमवारी लग्न. मुलगी खारघरची. नारळ ओट्यावर ठेवला आणि म्हणाल्या, "कल्पना, नाय बोलू नको. सगलां तुजेकडनाच घेनार. हार, वेन्या, मांडवाचं तोरन, सगलां."

 मोगरा ओवत होते, ओवत राहिले.

"फकस्त मुंडावल्या तवऱ्या एखादे सवाशिनीचे हातून ओवून घे. मना काय नाय गो. पन नवरीकडची मानसा, उगाच कोन काय बोलेल."

परत तेच! तेव्हा नवऱ्याकडची माणसं, आता नवरीकडची माणसं. स्वतःच्या घरातलं कुणीच कधी काही म्हणत नाही, बघा!

आई, ही ऑर्डर मोठी आहे. सईच्या कॉलेजचं शेवटचं वर्ष आहे. आपला फ्रीज कधीही मान टाकेल. मला हवी होती ती ऑर्डर. सईकडून ओवून घेतल्या असं खोटं सांगितलं असतं तरी कुणाला कळलं असतं? पाटी तिचीच तर आहे. जिभेवर आलं होतं माझ्या. आणि मग त्या पाटीखाली उभ्या असलेल्या तुम्ही आठवलात.

मी म्हणाले, "वहिनी, ज्या हातांनी हार, त्याच हातांनी मुंडावळ्या. सगळं माझ्या हातचं, नाहीतर काहीच नको. स्टेशनबाहेर मिळतात मुंडावळ्या. प्लास्टिकच्या पण मिळतात, त्यांना तर हातच लागत नाही कुणाचा."

 भारतीवहिनी मटकन ओट्यावर बसल्या. "तू पन तिचीच सून गो," म्हणाल्या. आणि मग सांगितलं.

गेल्या वर्षी धाकटीच्या हळदीचं बोलावणं करायला त्या असाच नारळ घेऊन आल्या होत्या. मी दादरला होते. तुम्ही ओट्यावर बसला होतात, गळा ठणठणीत. नारळ हातात घेतलात, आणि उठून त्यांच्याच ओटीत परत घातलात. आणि म्हणालात, "ज्या घरान माजे सुनंचा फूल चालत नाय, त्या घरान माजा गला पन चालाचा नाय. माजे कपालान तरी कुकू हाय काय?"

भारतीवहिनी म्हणाल्या, त्यांनी तुमचे पाय धरले. साडी देऊ म्हणाल्या, सोन्याची फुली देऊ म्हणाल्या. तुम्ही ऐकलं नाहीत. त्यांनी विचारलं, "मंग मोठीचे हलदीला तवा का नाय उठलीस? तवा तं डबा तुजेसमोरशी गेला."

तुम्ही म्हणालात, "सुरू केलेला धवला मदीच तोडला तं पोरीला लागतं. पोरीचा काय गुना?"

हे मला माहीत होतं, आई! तुम्हीच सांगितलं होतंत, घरात नवी आले तेव्हा. एकदा सुरू केला की घराला आग लागली तरी धवला पुरा करायचा. मला माहीत होतं आणि मी तीन वर्षांत एकदाही हे आठवलं नाही. तुमचा आवाज ऐकत होते ना त्या संध्याकाळी, डबा मांडीवर घेऊन, तो आवाज कसा होता ते आता आठवतेय. तुम्ही पट्टी चढवून गात होतात. एवढ्या वरच्या पट्टीत तुम्ही कधीच गायचा नाहीत.

गळा बसला नव्हता तर! आणि आठ दिवस सुंठीचा काढा? मफलर? अहो, एवढं सोसलंत पण खरं बोलला नाहीत. का? मला ओशाळवाणं वाटेल म्हणून? का मीच कधी विचारलं नाही म्हणून? ते तुमचं शेवटचं लग्न ठरलं असतं या आळीतलं. चाळीस वर्षांत न चुकवलेली हळद तुम्ही माझ्या साठ वेण्यांसाठी चुकवलीत, आणि मी तुम्हाला साखरसुद्धा घालू दिली नाही काढ्यात.

मला तुमचा राग येतो आहे. अजूनही. आता वेगळ्या कारणाने येतो आहे, आणि रडू पण येतंय, आणि चहाचं आधण फ्रीजवर ठेवून उगाच फिरते आहे घरभर. बघा, फ्रीजवर चहा कुणी ठेवतं का? डोकं ठिकाणावर नाही माझं.

काल पुढे काय झालं ते सांगते. मी चहा केला. आम्ही दोघींनी तुमच्या जागेवर बसून प्यायला. चहा संपल्यावर मी म्हणाले, "वहिनी, मुंडावळ्या मीच ओवणार. आणि हळदीला मी पुढच्या दाराने येणार, डोक्यात वेणी माळून. चालत असेल तर सांगा. नसेल तर हा नारळ घेऊन जा, आमच्याकडे परत करायची पद्धत आहे."

त्या उठल्या. पदर सारखा केला. हो म्हणाल्या नाहीत, नाही म्हणाल्या नाहीत. फाटकापर्यंत गेल्या, तिथून वळून कुंपणाशी थांबल्या, तुमची अबोली बघितली. आणि गेल्या.

नारळ ओट्यावरच आहे.

आता रविवारपर्यंत त्यांचं मन बदलेल की नाही, मला माहीत नाही. आत्याबाई त्यांचे कान भरतील, नवरीकडची माणसं नाक मुरडतील, कदाचित डबा परत येईल. येऊ दे. या वेळी डबा माझ्या मांडीवर येणार नाही, कारण मी घरी नसेन, मी त्याच मांडवात बसलेली असेन. डबा बाहेर काढायचा तर माझ्यासमोरून काढा म्हणावं. तुमच्यासारखं मला गाता येत नाही, सुरू करून पुरं करण्यासारखं माझ्याकडे काही नाही. माझ्यामुळे कुठल्या पोरीला काही लागणार नाही. मला बोलता येतं तेवढं पुरे आहे.

पाटी मी आज सकाळीच उतरवली. सईने नवी रंगवली, उन्हात वाळते आहे. "कल्पनाची फुलं". पोरगी म्हणाली, "आई, माझं नाव काढलंस?" मी म्हटलं, तुझं तू कमव.

आता तुम्हाला शब्द देते, आणि पत्र पुरं करते. सुरू केलेलं पुरं करावं, हे तुमच्याकडूनच शिकले.

तुमच्या अंबाड्यात मी वेणी माळली, पण तिचा गारवा तुम्हाला कळला नाही. मी उशीर केला. जिवंत बाईच्या डोक्यात माळायची हिंमत नव्हती माझ्यात, ती गेल्यावर आली. माझ्या पोरीवर मी ही वेळ आणणार नाही. मी गेल्यावर चार बायकांसमोर तिला माझ्यासाठी भांडावं लागणार नाही, तिचं मनगट कुणी धरणार नाही. रविवारी, भर उजेडात, आरशासमोर बसून, मी माझ्या केसात तुमच्या कुंपणाची अबोली स्वतःच्या हाताने माळणार आहे. आणि त्यानंतर रोज.

लांब करते. आखूड नाही.

तुमची तोंडाळ सून,
कल्पना